झांबिया : तांबे, कर्ज आणि मक्याचे पीठ

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील, समुद्रकिनारा नसलेला देश. राजधानी लूसाका. एकाच खनिजाच्या भावावर देशाचा संसार चालवला की काय होते, याचे इतके ठळक उदाहरण विकसनशील देशांत क्वचितच सापडेल.

24 ऑक्टोबर 1964 रोजी ब्रिटिश सत्ता गेली, तेव्हा देशातील आफ्रिकी पदवीधर जेमतेम शंभराच्या घरात होते. तरी ‘कॉपरबेल्ट’मधील तांब्याच्या खाणींमुळे तिजोरी भरलेली होती. केनेथ काउंडा यांच्या सरकारने 1969 नंतर या खाणींत बहुमताचा हिस्सा मिळवला. भाव मात्र लंडनच्या धातुबाजारातच ठरत राहिला. 1974 नंतर तो कोसळला. ही मंदी चार दिवसांची आहे असे धरून सरकारने कर्ज काढले, आणि मंदी हटायला तीन दशके लागली.

झळ आधी ताटाला लागली. न्शिमा हे इथले रोजचे अन्न. मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून, मोदकाच्या उकडीहून थोडा घट्ट गोळा करतात आणि हाताने तोडून पालेभाजी किंवा सुक्या मासळीबरोबर खातात. शहरांत हे पीठ सरकारी अनुदानामुळे परवडत असे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आग्रह मानून डिसेंबर 1986 मध्ये ते अनुदान कमी केले, पिठाचा भाव दुपटीवर गेला, आणि कॉपरबेल्टमध्ये दंगली होऊन माणसे मेली. सरकारने भाववाढ मागे घेतली. जून 1990 मध्ये पिठाचा भाव पुन्हा वाढला आणि पुन्हा दंगली झाल्या. पुढच्याच वर्षी 27 वर्षे सत्तेत असलेले काउंडा निवडणूक हरले.

नंतर खाणी खासगी झाल्या. दवाखाने, शाळा, कामगारांची घरे हे सारे खाणकंपनीच पाहत असे. तो आधार सुटला, तोही एड्सची साथ भरात असताना.

2005 च्या सुमारास बहुतेक परकीय कर्ज माफ झाले. 2012 मध्ये सरकारने 75 कोटी डॉलरचे रोखे विकून नवे कर्ज उभारायला सुरुवात केली. त्यात चिनी कर्जांची भर पडली, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये व्याजाचा हप्ता थकला. कर्जाच्या फेररचनेला साडेतीन वर्षे लागली. रोखेधारकांशी ठरलेली एक तडजोड कर्ज देणाऱ्या परकीय सरकारांनी नोव्हेंबर 2023 मध्ये नाकारली. 2024 मध्ये दुष्काळाने मका जळाला, करिबा धरण आटून वीज गेली, तरी बोलणी सुरूच होती. कर्ज घेतले झांबियाने हे खरे, पण या दिरंगाईचा मोठा दोष आधी कोणी सोडायचे यावर अडून बसलेल्या सावकारांचा आहे.