गडाखालचं घर आणि छपरावरचं सौर पॅनेल

सौर योजनेची माहिती द्यायला गेलो की गडाखालच्या गावांतल्या गटांत एक प्रश्न हमखास येतो: "ताई, आमचं घर किल्ल्याच्या हद्दीत येतं, पॅनेल लावू देतील का?" फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान, त्यामुळे चौकशी वाढली. हद्द मात्र त्याच्या कितीतरी आधीची.

जुन्या वास्तू जपायचा कायदा १९०४ साली, लॉर्ड कर्झनच्या काळात झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा आला. शेजारच्या घरांसाठी मीटरमध्ये मोजलेली रेघ आली ती १६ जून १९९२ च्या अधिसूचनेनं. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. २०१० मध्ये ही रेघ थेट कायद्यात गेली. मोजणी संरक्षित हद्दीपासून होते, दरवाजापासून नाही; इथेच पुष्कळ जणींचा घोटाळा होतो.

रायगड, शिवनेरी, पन्हाळा, सिंधुदुर्ग केंद्राकडे आहेत, त्यांना हा नियम लागतो. राजगड, प्रतापगड राज्याकडे. तिथली चौकशी राज्य पुरातत्त्व विभागाकडे करायची.

प्रतिबंधित भागात नवं बांधकाम नाही. पण १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती परवानगीनं करता येते. जनतेसाठीच्या वीजपुरवठ्याचं काम कायद्यानं 'बांधकामा'तून वगळलंय. आपल्या छपरावरचं खासगी पॅनेल त्यात बसतं, असं परस्पर धरून चालू नका. अंगणात लोखंडी सांगाडा उभारला तर तो नवं बांधकाम ठरू शकतो. म्हणून आधी लेखी विचारावं. सक्षम अधिकारी अर्ज १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरणाला दोन महिने, मग उत्तर कळवायला एक महिना. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठेकेदार हे सांगत नाही, त्याला काम हवं असतं.

आम्हाला एक गोष्ट खटकते. कायदा गड जपतो, ते बरोबरच. पण गडाखालचं शंभर वर्षांचं कौलारू घर त्यात जपलं जात नाही, नुसतं अडतं. गळणारं छप्पर आणि वीजबिल बाईच्याच वाट्याला येतं.

अर्जात पॅनेल कुठे बसणार ते नीट लिहा. गडावरून न दिसणारं मागचं पाखं असेल, कौलं न काढता काम होणार असेल, तर तसं नमूद करा, फोटो जोडा. वासे वजन पेलतील का, हे आधी सुताराकडून बघून घ्या. घर १९९२ आधीचं असल्याचे कागद, म्हणजे नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, एका पिशवीत ठेवा. आणि वीजबिल कुणाच्या नावावर आहे तेही बघा; वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर असेल तर नाव बदलायला आधी टाका.