सहा विरुद्ध तीन, सात विरुद्ध दोन

ज्युरीचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट नानावटीवर. १९५९ साल, आठ विरुद्ध एक 'निर्दोष', आणि म्हणे त्यापायी ज्युरीच गेली. खरं तर विधी आयोगाने ज्युरी बंद करा असं १९५८ सालीच सुचवलं होतं. म्हणजे त्या गोळ्या झडायच्या आधी!

मला आठवतात ते टिळकांचे खटले. इंग्लंडात तेव्हा बारा ज्युररांचं एकमत लागे. मुंबई हायकोर्टात मात्र ज्युरर नऊ, आणि न्यायाधीशाला पटलं तर सहांचं मत पुरे. १८९७ साली सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, दीड वर्ष सक्तमजुरी. १९०८ साली सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी (प्रत्यक्षात मंडाले). लेख 'केसरी'तले, मराठी. एकेका शब्दाच्या भाषांतरावरून टिळक स्वतः वाद घालतायत, आणि पटवायचं कुणाला, तर बहुतेक मराठीचा गंध नसलेल्यांना!

इंग्लंडातली एकमताची अट इथे असती, तर त्या दोन्ही ज्युरींच्या हातून शिक्षा झालीच नसती. ज्युरी वाईट नव्हती हो, ती आपल्याला अर्धीमुर्धी मिळाली. एकमत आणि आरोपीची भाषा कळणारे ज्युरर, एवढं तरी करून बघायचं. पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच ठेवली नाही.

असो. पारशी विवाह कायद्यात मात्र तिची एक भाची अजून नांदतेय. घटस्फोटाच्या दाव्यात न्यायाधीशाबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. १९८८ पर्यंत सात बसायचे.