नाताळची करंजी आणि मूठभर खसखस

आगमनकाळाचा तिसरा रविवार उलटला की रानवर, चिंबई, पाली या वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून संध्याकाळी फिरताना एक ओळखीचा वास येतो. कोणाच्या तरी घरी मंद आचेवर खसखस भाजली जात असते. माझ्या लहानपणी तो वास घरोघरी असे. आता बऱ्याच दारांवरून पुढे जावे तेव्हा एखाद्या स्वयंपाकघरातून येतो.

काही वर्षांपूर्वी युवकांच्या एका सभेत एका चुणचुणीत मुलाने मला विचारले, "फादर, करंजी तर दिवाळीची. ती आपल्या नाताळच्या ताटात कशी? आपण शेजाऱ्यांची नक्कल करतो का?" प्रश्नात जिज्ञासा होती, तशी थोडी लाजही होती. त्या लाजेसाठीच हे चार शब्द लिहीत आहे.

करंजी आपल्याकडे कोणाकडून आलेली नाही. ती घरातच होती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला. १५७५ साली येशूसंघीयांनी वांद्र्यात संत अँड्र्यू चर्च उभारले. तेथे ज्यांच्या मस्तकावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले, ती माणसे याच मातीतील होती. कोणी मासे मारणारे, कोणी भात पिकवणारे, कोणी ताडी काढणारे. त्यांना नवी नावे मिळाली, नवे सण मिळाले, वर्षाची गणना बदलली. चूल, परात, पाटा-वरवंटा आणि त्यांवर राबणारे हात मात्र तेच राहिले.

याची साक्ष भाषाच देते. जे जहाजातून उतरले ते आपले नाव घेऊन उतरले. पाव हा शब्द पोर्तुगीज, पेरूची पेराद पोर्तुगीज, मार्झिपान तर उघडच परदेशी. करंजीला मात्र आपण करंजीच म्हणतो, आणि गोव्याहून वांद्र्यात येऊन राहिलेली कुटुंबे तिला नेवरी म्हणतात. दोन्ही नावे देशी. गंमत अशी की ज्या ताटातून ती शेजारी पाठविली जाते, त्या ताटाचे नाव तेवढे बाहेरचे. नाताळच्या आदल्या रात्रीच्या भोजनाला पोर्तुगीज भाषेत 'कोन्सोआदा' म्हणतात. त्यावरून गोव्यात नाताळच्या भेटीला 'कोंसुआद' आणि मंगळूरकडे फराळाला 'कुस्वार' हे शब्द रुळले.

मग धर्माधिकाऱ्यांनी ही जुनी खूण पुसली कशी नाही? पुसण्याची हौस कमी नव्हती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या हुकूमनाम्यात अंगणातल्या तुळशीला बंदी होती; इतकेच काय, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजविण्यासही मनाई होती. जेथे सत्तेचा हात भाताच्या मिठापर्यंत पोचला, तेथेही नेवरी नाताळच्या ताटात टिकली. माझा तर्क असा की ती पाहून पोर्तुगीज पाद्रींना परके काही दिसलेच नसावे. पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतात नाताळला 'आझेवीयश' नावाचा पदार्थ होतो. पिठाची पारी, आत हरभऱ्याचे किंवा बदामाचे गोड सारण, अर्धचंद्राचा आकार, तेलात तळलेला. आपल्या आईच्या हातचा खाऊ ज्याने समुद्रापलीकडे ओळखला, तो त्यावर बंदी कशाला घालील?

पुढे १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि साष्टीतील पोर्तुगीज राज्य संपले. १७७४ मध्ये इंग्रज आले. या मधल्या पस्तीस वर्षांत देशी धर्मगुरूंनी येथील श्रद्धा सांभाळली. स्वयंपाकघरात राज्य कोणाचे, हा प्रश्न कधी उद्भवलाच नसावा.

आमच्या घरी करंज्यांचा दिवस ठरलेला असे. शेजारच्या तीन-चार बाया आपापले पोळपाट घेऊन येत; आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. खसखस आई स्वतः भाजी, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे, कारण तो दाणा क्षणात करपतो आणि करपला की सारे सारण कडू. खसखस किंचित कुटायची, पीठ करायचे नाही. मग तुपात परतलेला रवा, भाजलेले सुके खोबरे, तीळ, चारोळी, बेदाणे, काजू-बदामाचे तुकडे, पिठीसाखर, वेलची आणि जायफळ. सारण कोरडे हवे. ओले राहिले तर पारी मऊ पडते, आणि करंजी तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, टिकली पाहिजे. मैद्याला तुपाचे मोहन घालून ओल्या फडक्याखाली ठेवीत. कातण्याने कडा कापण्याचे काम मुलांचे. कढईत एखादी फुटली की आई गप्प बसे आणि बाकीच्या बाया तिची समजूत काढीत.

या सारणातील काजू तेवढा परका. तो पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. थाळी स्वीट मात्र तळायचे नसते, भाजायचे असते, आणि घरात भट्टी कोठून असणार? म्हणून थाळी निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे पसरीत. केकचे साचे डोक्यावर घेऊन आम्ही पाववाल्याच्या भट्टीवर जात असू आणि तेथे आपला साचा ओळखू यावा म्हणून कडेला चिंधी बांधीत असू.

खसखस आणि नाताळ यांची जोडी काही आपल्यापुरती नाही. हंगेरीत नाताळला खसखशीची एक आणि अक्रोडाची एक अशा दोन गुंडाळ्या भाजतात. पोलंडमध्ये खसखशीची गुंडाळी तर असतेच, शिवाय त्या देशाच्या पूर्वेकडील जुन्या मुलखात गहू, खसखस, मध आणि अक्रोड यांची 'कुत्या' नावाची खीर नाताळच्या आदल्या रात्री करीत. या मुलखाचा वांद्र्याशी संबंध आला आहे, हे थोड्यांना ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धात रशियाने तेथील हजारो कुटुंबे सैबेरियाकडे हाकलली. त्यांतील अनाथ व निराधार मुलांची पहिली तुकडी १९४२ च्या उन्हाळ्यात मुंबईला पोचली आणि तिचा मुक्काम वांद्र्यात होता. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे छावणी उभारली, तेव्हा ती मुले तिकडे गेली. पुढे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. वांद्र्यातली मुले नाताळपूर्वीच निघून गेली. डिसेंबरात ती येथे असती, तर आपल्या गल्ल्यांतला वास त्यांना अनोळखी वाटला नसता.

आता खसखशीविषयी थोडे, कारण तिची सोयरीक जरा अडचणीची आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातील बी. कच्च्या बोंडाला चिरा पाडल्या की जो चीक येतो ती अफू. बोंड वाळल्यावर आत उरते ती खसखस, आणि तिच्यात नशा नाही. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते त्या गार्सिया द ऑर्ता या वैद्याच्या १५६३ सालच्या ग्रंथात अफूवर स्वतंत्र प्रकरण आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला गेली आणि तीतून या शहरातील कितीतरी श्रीमंती उभी राहिली. आज ही शेती सरकारी परवान्याने मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात होते. वाण्याकडून खसखस आणण्यात आपल्याकडे काही गैर नाही. परंतु संयुक्त अरब अमिरातींत आणि सौदी अरेबियात खसखशीला बंदी आहे. सामानात मूठभर सापडली तरी तुरुंग पाहावा लागतो.

हे सांगण्याचे कारण, आपल्या कितीतरी घरांतली मुले आखातात नोकरीला आहेत आणि आया नाताळचा डबा पाठविल्यावाचून राहत नाहीत. गेल्या डिसेंबरात एक वृद्ध भगिनी असाच डबा आशीर्वादासाठी घेऊन आली होती, मुलगा दुबईला. मी सारणाची चौकशी केली, तेव्हा ती चपापली. डबा घेऊन परत गेली आणि दोन दिवसांनी पुन्हा आली. "फादर, खसखस काढली," ती म्हणाली, "तिच्या जागी पांढरे तीळ वाढवले. पण त्याला कळेल हो, पहिल्या घासाला कळेल."