जुन्या पिकअप ट्रकसाठी लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल कसा निवडायचा? संपूर्ण माहिती

पावसाळ्यात शेताच्या वाटेवर चिखलात रुतलेली जीप तुम्ही नक्कीच पाहिली असेल, निदान रीलमध्ये तरी. ड्रायव्हर गॅस देतो, एक चाक गरागरा फिरतं, चिखल उडवतं आणि त्याच ॲक्सलवरचं दुसरं चाक मात्र शांत उभं. इंजिनात ताकद आहे, दुसऱ्या चाकाखाली कोरडी जमीनही आहे, तरी गाडी हलत नाही. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे आज समजून घेऊ.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सध्या अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे १९७२ चा शेवरोले सी-१० पिकअप आहे, मागच्या चाकांवर चालणारा. या ट्रकसाठी डिफरन्शियल निवडताना मी आधी चुकीचा निवडला आणि ती चूक बर्फावर चांगलीच अंगाशी आली. म्हणून हा लेख.

साधा डिफरन्शियल काय करतो?

वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट जोडली, तर वळणात टायर घासतील. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. हे त्याचं मुख्य काम.

पण साधा, म्हणजे 'ओपन' डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी जवळपास सारखाच जोर देतो. एक चाक बर्फावर असेल, तर ते फार थोडा जोर पेलतं आणि लगेच घसरतं. मग दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. साखळीची ताकद तिच्या सर्वात कमकुवत कडीएवढी, तसंच हे.

समजा बर्फावरचं चाक ५० एकक जोर पेलू शकतं आणि कोरड्या डांबरावरचं ४००. ओपन डिफरन्शियलमध्ये एकूण मिळतात ५० + ५० = १००. उरलेले ३५० एकक वाया. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पिकअपला हा त्रास जास्त होतो, कारण रिकाम्या ट्रकचं बरंचसं वजन पुढे इंजिनावर असतं. मागचा हौदा हलका, आणि ढकलायचं काम नेमकं मागच्या चाकांकडे!

उपाय जुनाच आहे

अमेरिकन गाड्यांमध्ये लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (पुढे 'एलएसडी' म्हणू) १९५० च्या दशकात आले. स्टुडबेकर-पॅकार्डने १९५६ मध्ये 'ट्विन-ट्रॅक्शन' आणला, शेवरोलेने १९५७ मध्ये 'पॉझिट्रॅक्शन'. फोर्डचा 'ट्रॅक्शन-लॉक', क्रायस्लरचा 'शुअर-ग्रिप' ही त्याच कुटुंबातली नावं. १९९२ चा 'माय कझिन व्हिनी' हा सिनेमा पाहिला असेल, तर कोर्टातला प्रसंग आठवेल. रस्त्यावर दोन्ही चाकांचे सारखे व्रण आहेत म्हणजे गाडीत पॉझिट्रॅक्शन होता, यावर अख्खी केस फिरते.

चार मुख्य प्रकार

१. क्लच प्लेटवाला: यात दोन्ही बाजूंना छोट्या क्लच प्लेट्सची थप्पी असते आणि मध्ये स्प्रिंग. स्प्रिंगमुळे प्लेट्स कायम थोड्या दाबलेल्या राहतात, याला 'प्रीलोड' म्हणतात. गॅस दिला की दाब वाढतो. एक चाक हवेत असलं तरी प्रीलोडमुळे दुसऱ्याला थोडा जोर मिळतोच. तोटा एवढाच, की प्लेट्स झिजतात. ईटनच्या पॉझीसारख्या युनिटमध्ये प्लेट्स आणि स्प्रिंग बदलता येतात. प्लेट्सऐवजी शंकूच्या आकाराचे क्लच वापरणारे युनिटही असतात, पण ते झिजले की बहुतेकदा पूर्ण युनिटच बदलावं लागतं.

२. हेलिकल गिअरवाला: यात क्लच नाही. तिरक्या दातांचे गिअर जोर पडला की आपल्या घराच्या भिंतीवर दाबले जातात आणि त्या घर्षणाने जोर चांगल्या पकडीच्या चाकाकडे वळतो. डेट्रॉइट ट्रूट्रॅक हे याचं प्रसिद्ध उदाहरण. चालतो अगदी गुपचूप, झीज फार कमी. पण तो 'गुणाकार' करतो. जोराचं गुणोत्तर ३ धरलं, तर बर्फावरच्या ५० चे दुसऱ्या चाकाला १५० मिळतात, एकूण २००. ओपनच्या दुप्पट! मात्र एक चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्य गुणिले तीन, म्हणजे शून्यच. अशा वेळी ब्रेक हलका दाबून धरला, की फिरणाऱ्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि गुणाकाराला काहीतरी सापडतं.

३. ऑटोमॅटिक लॉकर: डेट्रॉइट लॉकर हे यातलं मोठं नाव, 'नोस्पिन' म्हणूनही ओळखलं जातं. गॅस दिला की दोन्ही चाकं एकत्र लॉक, वळणात बाहेरचं चाक जास्त वेगाने फिरू लागलं की ते सुटतं. आपल्या उदाहरणात ५० + ४०० = ४५०. एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला पूर्ण जोर. वळताना कट-कट आवाज येतो, कधीकधी धाडकन झटकाही.

४. वेगावर लॉक होणारा: जनरल मोटर्सच्या १९७० च्या दशकातल्या ट्रकमध्ये 'गव्ह-लॉक' आला. एरवी ओपनसारखाच वागतो, पण दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि युनिट लॉक होतं. साधारण ताशी ३० किलोमीटरच्या वर लॉक होऊ नये अशी सोय असते. मोठे टायर आणि जोराचा गॅस असेल तर हा तुटण्याबद्दल बदनाम आहे. आपल्याकडे महिंद्रा थारच्या काही व्हेरियंटमध्ये येणारा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल याच तत्त्वावर चालतो.

मग सरळ लॉकरच घ्यायचा ना?

आकडे पाहून मलाही हेच वाटलं. ४५० कुठे आणि २०० कुठे! ज्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं, तिथेही 'सगळ्यात दणकट हाच' असं सांगितलं. लॉकर बसवला. उन्हाळाभर मजेत चाललो.

पहिला बर्फ पडला तेव्हा बाबा सांगलीहून आले होते. दोघं सामान आणायला निघालो. घराजवळच्या वळणावर मी नेहमीसारखा थोडा गॅस दिला आणि ट्रकची शेपटी सर्रकन बाहेर गेली. घाबरून गॅस सोडला, तर लॉकर झटक्यात सुटला आणि ट्रक उलट्या बाजूला हुसकला. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून वाचलो. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, मागून कुणी ढकललं का?"

कारण नंतर नीट कळलं. टायरची पकड दोन कामांत वाटली जाते: पुढे ढकलणं आणि बाजूला सरकू न देणं. ओपन डिफरन्शियलमध्ये एकच चाक फिरतं. गाडी पुढे जात नाही, पण दुसरं चाक शेपटी सरळ धरून ठेवतं. दोन्ही चाकं एकदम फिरली, की धरून ठेवायला कुणीच उरत नाही. १९७२ च्या ट्रकमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल किंवा स्टॅबिलिटी कंट्रोल नसतो, म्हणजे चूक सुधारणारं कुणी नाही.

थोडक्यात, 'सर्वात जास्त पकड कोण देतो' हा प्रश्नच चुकीचा आहे. बरोबर प्रश्न दोन: माझ्या ॲक्सलमध्ये काय बसतं? आणि माझा ट्रक घसरतो तो नेमका कुठे?

आधी ॲक्सल ओळखा

खरेदीआधी या पाच गोष्टी कागदावर लिहून काढा.

१. ॲक्सलचा प्रकार: १९६७ ते १९७२ च्या बहुतेक सी-१० मध्ये १२-बोल्ट ॲक्सल असतो, क्राऊन ८.८७५ इंचाचा. पण सावध! शेवरोलेच्या कारमध्येही १२-बोल्ट होता आणि दोघांचे आतले भाग सरसकट अदलाबदल होत नाहीत. त्याच काळातल्या फोर्ड एफ-१०० मध्ये अनेकदा ९-इंची ॲक्सल सापडतो.

२. स्प्लाइन: ॲक्सल शाफ्टच्या टोकावरच्या खाचा मोजा. माझ्या ट्रकमध्ये ३० आहेत. फोर्ड ९-इंचीत २८ किंवा ३१ असू शकतात. एकाचा फरक पडला तरी युनिट बसणार नाही.

३. रेशो: क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. ४१ आणि ११ असतील तर ३.७३. झाकण न उघडता अंदाज घ्यायचा तर ट्रक स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल ठेवा, एक मागचं चाक धरून ठेवा आणि दुसरं बरोबर दोन फेऱ्या फिरवा. ओपन डिफरन्शियलमध्ये प्रोपेलर शाफ्ट जितक्या फेऱ्या फिरेल तो तुमचा रेशो.

४. केसची सिरीज: रेशो बदलला की क्राऊनची जाडी बदलते, म्हणून केसही वेगळी लागते. ट्रकच्या १२-बोल्टमध्ये ३.४२ पर्यंत एक केस, ३.७३ पासून पुढे दुसरी.

५. आत्ता आत काय आहे: दोन्ही चाकं उचलून एक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर ओपन, त्याच दिशेने फिरलं तर एलएसडी किंवा लॉकर. पण झिजलेला क्लचवाला आणि गव्ह-लॉक या चाचणीत ओपनसारखेच दिसतात. सी-१० च्या ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावर फॅक्टरी ऑप्शनचा स्टिकर असतो, त्यात जी-८० हा कोड दिसला तर मूळ ट्रकमध्ये एलएसडी होता. अर्थात ५० वर्षांत कुणी ॲक्सल बदललाही असेल.

रेशोच्या बाबतीत मी विकणाऱ्याच्या शब्दावर गेलो. तो म्हणाला ३.७३, मी त्याप्रमाणे युनिट मागवलं. झाकण उघडलं तर क्राऊनला ४३ दात, पिनियनला १४, म्हणजे ३.०७. शेवटी नवीन क्राऊन-पिनियनचा सेट घ्यावा लागला. वर हायवेवर त्याच वेगाला इंजिन आता सुमारे २१ टक्के जास्त फिरतं. दहा मिनिटांची मोजणी टाळल्याची किंमत!

कुणी कोणता घ्यावा?

• रोजची चालवणूक, पाऊस, थोडा बर्फ, अधूनमधून सामान: हेलिकल गिअरवाला. हळुवार लागतो, देखभाल कमी.

• जोरदार इंजिन, कोरडा रस्ता, मूळ काळाशी जुळणारा भाग हवा: क्लचवाला. रस्त्यासाठी मध्यम प्रीलोड पुरतो. फार कडक स्प्रिंग घातली तर बर्फावर तोही लॉकरसारखाच वागू लागतो.

• चिखल, खडक, एक चाक हवेत जाण्याची सवय: लॉकर. बर्फाळ रस्त्यावर रोज जाणारा ट्रक असेल तर नको.

• मूळ गव्ह-लॉक चालू आहे, टायर मूळ मापाचे आहेत: राहू द्या. बिघडला की मग बदला.

• वेल्डिंग करून दोन्ही चाकं जोडणं: रस्त्यावरच्या ट्रकसाठी अजिबात नको. प्रत्येक वळणात टायर घासतात आणि शाफ्टवर ताण येतो.

आणि हो, टायर गुळगुळीत असतील तर कोणताही डिफरन्शियल जादू करणार नाही. आधी चांगले टायर, मग बाकीचं.

बसवताना आणि नंतर

केस बदलली की क्राऊन-पिनियनमधली फट शिम घालून पुन्हा जुळवावी लागते. हे इंचाच्या हजाराव्या भागातलं काम आहे. डायल गेज नसेल तर स्वतः करू नका, नाहीतर ॲक्सल कायम गुणगुणत राहील. बेअरिंग आणि सील त्याच वेळी नवीन टाका, मजुरी एकदाच लागते.

तेल प्रकारानुसार घाला. क्लचवाल्याला जीएल-५ तेलासोबत फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, तो विसरलात तर वळताना थरथर आणि घरघर होते. हेलिकलला मॉडिफायर घालू नका, तिथे घर्षणच काम करतं. दोन्ही मागचे टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावरही क्लच घासत राहतो.

सर्वात महत्त्वाची सूचना: एलएसडी किंवा लॉकर असलेल्या ट्रकचं एकच मागचं चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये कधीही चालवू नका. जमिनीवरचं चाक ट्रकला जॅकवरून पुढे ढकलू शकतं.

नेहमीचे प्रश्न

*एलएसडी लावला की रिअर-व्हील ड्राइव्ह ट्रक फोर-व्हील ड्राइव्ह होतो का?* नाही. जोर मागच्या दोनच चाकांना मिळतो, फक्त चांगला वाटला जातो.

*ब्रेक लवकर लागतात का?* नाही. थांबण्यासाठी टायर आणि ब्रेकच लागतात.

*मागे रेतीची पोती ठेवली तर फायदा होतो का?* हो, नक्की. मागच्या चाकांवर वजन वाढलं की पकड वाढते. पोती ॲक्सलच्या वर ठेवा आणि घट्ट बांधा.

शेवटी

लॉकर काढून मी आता हेलिकल युनिट बसवलंय. गेल्या हिवाळ्यात घरासमोरच्या चढावर ट्रक एकदाच अडकला, एक चाक पूर्ण गोठलेल्या खड्ड्यात. ब्रेक हलका धरला, हळूच गॅस दिला आणि निघाला. त्या वळणावर मात्र अजूनही सावकाशच जातो. बाबा पुन्हा येणार आहेत, तेव्हा त्यांनाच चालवायला देईन म्हणतो.