स्पितीचे मातीचे विहार

हिमाचल प्रदेशाच्या ईशान्येस, तिबेटच्या सीमेलगत स्पिती हे दुर्गम खोरे आहे. प्रवासी पुस्तिकांत तेथील प्रेक्षणीय स्थळांची यादी ठरलेली असते: ताबो, धनकर, की, ल्हालुंग. त्यांपुढे समुद्रसपाटीपासूनची उंची, रस्त्याची अवस्था आणि मुक्कामाची सोय एवढी माहिती दिलेली असते. परंतु ही केवळ प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. भारतातून लुप्त होऊ घातलेली एक ज्ञानपरंपरा कोणी, कशी आणि किती कष्टाने जतन केली, याचा तो पुरावा आहे. बौद्ध अभ्यासकाने तो याच दृष्टीने पाहिला पाहिजे.

नवव्या शतकाच्या मध्यावर तिबेटी साम्राज्य कोसळले आणि तेथील संघाची घडी विस्कटली. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम तिबेटातील गुगे राज्याचा शासक येशे-ओ याने धम्माच्या पुनरुज्जीवनाचे कार्य हाती घेतले. त्यासाठी त्याने तरुणांना काश्मिरात अध्ययनास पाठविले. परंपरा सांगते की, एकवीस तरुणांपैकी बहुतेक जण रोगराईने आणि उष्ण हवामानाने दगावले व दोघेच परतले. त्यांपैकी रिंचेन झांगपो (958-1055) हा पुढे थोर भाषांतरकार म्हणून विख्यात झाला. भारतीय पंडितांना सोबत घेऊन त्याने अनेक संस्कृत ग्रंथ तिबेटी भाषेत आणले. ताबोचा विहार याच काळातला. त्याची स्थापना 996 साली झाली आणि सेहेचाळीस वर्षांनी, 1042 साली, जांगचुब-ओ याने त्याचे नूतनीकरण केले. ही हकीकत विहाराच्या भिंतीवरील लेखातच नोंदलेली आहे. याच सुमारास विक्रमशिलेचे आचार्य अतीश दीपंकर श्रीज्ञान पश्चिम तिबेटात पोहोचले.

या कार्याचे मोल पुढील दोन शतकांत कळून आले. नालंदा आणि विक्रमशिला उद्ध्वस्त झाल्या. ग्रंथ गेले, ग्रंथ जाणणारेही गेले. बौद्ध तर्कशास्त्राचा पाया घालणाऱ्या आचार्य दिङ्नागांचा ‘प्रमाणसमुच्चय’ आज आपल्याला संपूर्ण स्वरूपात मिळतो तो तिबेटी भाषांतरातूनच. ताबोतही हस्तलिखितांची हजारो सुटी पाने सापडली असून त्यांत प्रज्ञापारमितेच्या पानांचा भरणा मोठा आहे.

ताबोला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकाला ही तुलना जवळची वाटेल; पण तिच्यातील भेदही ध्यानात घ्यावा. अजिंठा पाषाणात कोरलेले आहे, तर ताबो कच्च्या मातीच्या विटांनी उभारलेले आहे. बाहेरून त्याच्या भिंती साध्या, करड्या दिसतात. आत मंद प्रकाशात वैरोचनाची चतुर्मुख रचना आणि भिंतींवर ओळीने बसविलेल्या तीसहून अधिक मृण्मूर्ती आहेत. त्यांच्याखाली चित्रांचा पट्टा आहे. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. अजिंठा शतकानुशतके विस्मृतीत गेले होते आणि 1819 साली पुन्हा जगापुढे आले. ताबो मात्र हजार वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. आपल्याकडे लेणी उरली, संघ उरला नाही. तेथे दोन्ही टिकले.

त्या चित्रपट्टात एका बाजूस तथागतांचे चरित्र आहे, तर दुसऱ्या बाजूस ‘गंडव्यूह’ सूत्रातील सुधनाची कथा. ज्ञानाच्या शोधात निघालेला हा तरुण पन्नासहून अधिक कल्याणमित्रांकडे जातो. त्यांत भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, उपासिका आहे. नावाडी, गंधविक्रेता आणि गणिकाही आहे. ज्याच्यापाशी ज्ञान आहे तो गुरू. त्याची जात आणि धंदा विचारायचा नाही, हा या चित्रांचा आशय आहे.

येथे एक शंका उपस्थित होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बुद्धिनिष्ठ धम्माचा अनुयायी वज्रयानातील मंडले आणि देवतांकडे कसे पाहील? उत्तर सरळ आहे. इतिहासाचा अभ्यास म्हणजे उपासनापद्धतीचा स्वीकार नव्हे. मंडले ज्यांनी रंगविली, त्याच परंपरेने दिङ्नाग आणि धर्मकीर्ती जपले. एकाला नाकारण्याच्या भरात दुसऱ्याचे ऋण विसरणे हे बुद्धिनिष्ठेला शोभणारे नाही.

आज हा वारसा संकटात आहे. स्पिती हा पर्जन्यछायेचा प्रदेश. म्हणूनच सपाट मातीचे छप्पर तेथे शतकानुशतके टिकले. हिवाळ्यात छपरावरचे बर्फ वेळीच लोटून काढले की भागत असे. मात्र जोराचा पाऊस ही माती सोसू शकत नाही. पाणी झिरपले की प्रथम गिलावा सुटतो आणि त्याबरोबर चित्र जाते. 1975 च्या भूकंपानेही या विहारांना मोठे हादरे दिले. स्पिती व पिन नद्यांच्या संगमावर, सुमारे 3,900 मीटर उंचीच्या कड्यावर वसलेला धनकरचा जुना विहार पायाखालची जमीन झिजल्याने इतका धोक्यात आला की, 2006 साली जागतिक पातळीवरील संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत त्याचा समावेश झाला.

विदेशी प्रवाशांसाठी हे खोरे 1992 पासून खुले झाले आणि वर्दळ वाढली. प्रवाशांमुळे गावात पैसा येतो, हे खरे. परंतु मातीच्या भिंतीला टेकलेली पाठ आणि चित्रावरून फिरलेला हात यांनी होणारी हानी भरून येत नाही. ताबोच्या मंदिरात छायाचित्रणास मनाई आहे, ती याच काळजीपोटी होय. उपासकांनी तेथे अवश्य जावे. पण जाण्यापूर्वी सुधनाची कथा वाचावी, आत थोडा वेळ शांत उभे राहून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी आणि परतल्यावर आपल्या गावाजवळच्या लेण्यांची अवस्था एकदा पाहून यावी. तेथील मोजक्या लोकवस्तीने हजार वर्षे माती सांभाळली. आपल्याला तर पाषाण सांभाळायचा आहे.