सीडी प्लेअरमधील वादनसुविधा

सीडी प्लेअर हे कॉम्पॅक्ट डिस्क (सीडी) या तबकडीवर अंकीय पद्धतीने मुद्रित केलेला ध्वनी वाचून तो अँप्लिफायर व स्पीकर यांच्याद्वारे ऐकवणारे उपकरण आहे. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी संयुक्तपणे ठरवलेले ध्वनी-सीडीचे मानक १९८० मध्ये सिद्ध झाले आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला घरगुती प्लेअर जपानमध्ये विक्रीस आला. ग्रामोफोन व कॅसेट यांच्या तुलनेत या उपकरणाचे वेगळेपण केवळ आवाजाच्या स्वच्छतेत नाही. हवे ते गाणे हव्या त्या क्रमाने क्षणात लावता येणे, ही श्रोत्यांच्या दृष्टीने तितकीच मोठी सोय होती.

तबकडीची अनुक्रमणिका

सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर असतो. तिच्यावरील सर्पिल रेषा आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीच्या नेमकी उलट. अगदी आतल्या कडेला एक अनुक्रमणिका नोंदवलेली असते. तबकडीवर किती ट्रॅक आहेत आणि प्रत्येक ट्रॅक कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला व सेकंदाच्या कितव्या पंचाहत्तराव्या भागाला सुरू होतो, हे तीत दिलेले असते. खण बंद केल्यावर प्लेअर प्रथम हीच अनुक्रमणिका वाचतो. त्यानंतर दर्शकपटलावर ट्रॅकांची संख्या व एकूण कालावधी उमटतो. शिवाय ध्वनीबरोबरच चालू ट्रॅकचा क्रमांक व वेळही सर्व तबकडीभर अखंड नोंदलेली असते. पुढे वर्णन केलेल्या जवळजवळ सर्व सुविधा या दोन नोंदींवर उभ्या आहेत. एका सीडीवर जास्तीत जास्त ९९ ट्रॅक असू शकतात.

मूलभूत कळा

‘प्ले’ची कळ दाबताच वादन सुरू होते. ‘पॉज’ व ‘स्टॉप’ यांतील फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘स्टॉप’ने तबकडी फिरणे थांबते आणि पुन्हा ‘प्ले’ दाबल्यास साध्या प्लेअरवर वादन पहिल्या ट्रॅकपासून सुरू होते. ‘पॉज’मध्ये मात्र तबकडी फिरतच राहते. सर्पिल रेषा प्रत्येक फेऱ्यागणिक बाहेर सरकत असल्यामुळे लेसरचे भिंग पुनःपुन्हा मागे उडी घेऊन त्याच जागी टिकून राहते. म्हणून दीर्घ विश्रांतीसाठी ‘स्टॉप’ वापरणेच इष्ट.

‘पुढे’ची कळ पुढील ट्रॅकवर नेते. ‘मागे’ची कळ एकदा दाबल्यास बहुधा चालू ट्रॅकच्या आरंभी आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यास आधीच्या ट्रॅकवर नेते. शोधाची कळ दाबून धरल्यास ध्वनी तुटक, भरभर ऐकू येतो व हवी ती जागा कानाने सापडते. रिमोटवरील अंकांच्या कळांनी ट्रॅक थेट निवडता येतो. दहाच्या पुढील क्रमांकांबाबत मात्र उत्पादकांत एकवाक्यता नाही. २३ वा ट्रॅक लावण्यासाठी काही संचांवर ‘+१०’ दोनदा दाबून मग ३, तर काहींवर दहाहून अधिकची खुणेची कळ, मग २ व ३ अशी रीत असते.

पुनरावृत्ती, शफल व प्रोग्रॅम

‘रिपीट’मुळे एक ट्रॅक किंवा संपूर्ण तबकडी पुनःपुन्हा वाजते. काही प्लेअरमध्ये ‘ए-बी रिपीट’ असते. इच्छित भागाच्या आरंभी व अखेरीस कळ दाबली की तेवढाच तुकडा फिरून फिरून ऐकू येतो. एखादी तान गळ्यावर चढवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला याहून उपयुक्त कळ संचावर दुसरी नाही. ‘शफल’मध्ये ट्रॅकांचा क्रम यंत्र स्वतः बदलते, मात्र एका फेरीत प्रत्येक ट्रॅक एकदाच वाजतो. चित्रपटगीतांच्या संग्रहाला ही सुविधा शोभते. कीर्तनाच्या सीडीवर तिच्यामुळे पूर्वरंगाआधी उत्तररंग ऐकण्याची पाळी येते.

‘प्रोग्रॅम’मध्ये श्रोता ट्रॅकांचा क्रम स्वतः ठरवतो. त्यासाठी सामान्यतः वादन थांबवून ‘प्रोग्रॅम’ची कळ दाबावी, क्रमांक एकामागून एक द्यावेत आणि शेवटी ‘प्ले’ दाबावे. खण उघडल्यास ही योजना बहुतेक प्लेअरमध्ये पुसली जाते. क्रमांक देताना निवडलेल्या ट्रॅकांची बेरीज पटलावर दिसते. सीडीवरून कॅसेट भरण्याच्या काळात या आकड्याला फार महत्त्व होते. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची असल्यामुळे गाणे अर्ध्यात तुटू नये म्हणून बेरीज त्याआत बसवावी लागे.

ट्रॅक आणि रागसंगीत

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे, तर एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटांचे गायन मावत असे. सीडीच्या मानकात ७४ मिनिटांची सलग जागा मिळाल्याने एखादा राग मध्येच तबकडी न उलटता ऐकता येऊ लागला. पण अडचण नव्या ठिकाणी उद्भवली. अनेक सीडींवर विलंबित व द्रुत मिळून संपूर्ण राग एकाच ट्रॅकमध्ये असतो. अशा वेळी ‘पुढे’ची कळ थेट दुसऱ्या रागावर नेते आणि द्रुत बंदिशीचा आरंभ गाठण्यास शोधाची कळ व दर्शकपटलावरील घड्याळ एवढाच आधार उरतो.

वास्तविक मानकात यावर उपाय होता. प्रत्येक ट्रॅकच्या पोटात ‘इंडेक्स’ नावाच्या उपविभागांच्या खुणा ठेवता येतात. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या काही सीडींवर त्यांचा वापर झाला व सुरुवातीच्या काही प्लेअरवर त्यासाठी स्वतंत्र कळही होती. नंतरच्या बहुतेक घरगुती प्लेअरमधून ती नाहीशी झाली. त्यामुळे ज्या तबकडीवर निर्मात्याने आलाप, विलंबित व द्रुत यांना स्वतंत्र ट्रॅक दिले आहेत, तीच तबकडी अभ्यासासाठी सोयीची ठरते. अशा ट्रॅकांमध्ये ध्वनी अखंड असतो, परंतु शफल वा प्रोग्रॅम लावल्यास जोडावर खंड पडतो.

वादनातील अडथळे

ओरखड्यांमुळे नष्ट झालेली माहिती प्लेअर गणिती पद्धतीने दुरुस्त करतो. सलग सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुटलेला भाग पूर्णपणे सावरता येतो. ओरखडा रेषेच्या दिशेने लांबवर गेला तर ही पद्धत अपुरी पडते. म्हणूनच तबकडी गोलाकार न पुसता मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. नावाची छापील बाजू सुरक्षित समजली जाते, ती चुकीची समजूत आहे. माहितीचा थर त्याच बाजूला, पातळ आवरणाखाली असतो आणि तेथील खोल ओरखड्यावर इलाज नाही.

आतल्या कडेवर डाग असल्यास अनुक्रमणिकाच वाचली जात नाही व चांगली तबकडी असूनही पटलावर ‘नो डिस्क’ उमटते. दमट हवेत भिंगावर बाष्प साचल्यासही हेच घडते. तेव्हा तबकडी काढून संच तासभर चालू ठेवल्यास बाष्प सहसा उडून जाते. संगणकावर तयार केलेली एमपी३ सीडी जुन्या प्लेअरवर वाजत नाही. घरी मुद्रित केलेली ध्वनी-सीडीही शेवटची ‘फायनलाइझ’ची प्रक्रिया राहून गेल्यास, अनुक्रमणिकेअभावी, साधारण प्लेअरला वाचता येत नाही.