संकेतस्थळ कोणाच्या नावावर आहे? मावळ-लोणावळ्यातील इंटरनेट जोडणी, डोमेन आणि होस्टिंग

“साइट बंद पडली” असे कोणी म्हणाले की त्याचे तीन अर्थ निघू शकतात. पाहणाऱ्याच्या घरची इंटरनेट जोडणी गेलेली असते, किंवा संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवले आहे तो बंद असतो, किंवा संकेतस्थळाच्या नावाची, म्हणजे डोमेनची, मुदत संपलेली असते. तिन्ही वेळी फोन वेगवेगळ्या ठिकाणी करावा लागतो. पहिल्या दोन बिघाडांत काही तास किंवा दिवस जातात. तिसऱ्यात नाव कायमचे जाऊ शकते, आणि आपल्या लहान संस्था, मंडळे, विहार समित्या नेमक्या त्याच बाबतीत गाफील असतात.

आधी जोडणीविषयी. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले आणि १९९८ पासून खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. मुंबई-पुणे रेल्वे, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग हे तिन्ही मावळातून जातात. त्यामुळे लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या रस्त्यालगतच्या गावांना आज जोडणी मिळवणे अवघड नाही. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळाच्या आतल्या गावांत मात्र अजूनही मोबाइलच्या रेंजसाठी टेकाडावर जाणारी मुले दिसतात. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात फायबर येणे आणि वस्तीतल्या घरात इंटरनेट चालणे यांत बरेच अंतर असते.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर इंटरनेट येत असे तेव्हा जोडात ओल शिरली की खरखर सुरू व्हायची आणि जोडणी तुटायची. फायबर म्हणजे काचेचा धागा. त्यातून प्रकाश जातो, त्याला गंज चढत नाही. तरी पावसाळ्यात तो बंद पडतो, कारण झाड पडून केबल तुटते, खांब कलतो, आणि सर्वांत जास्त वेळा वीज जाते. घरातल्या फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही; तो दोष बाहेरचा, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही. दिवे मुळीच लागत नसतील तर आधी वीज आणि अ‍ॅडॉप्टर पाहावा. राउटरपुरता छोटा बॅटरी-बॅकअप बाजारात मिळतो. पावसाळ्यात ऑनलाइन वर्ग असणाऱ्या घराने तो जरूर घ्यावा. उन्हाळ्यात दुसरा शत्रू येतो, जेसीबी. खोदण्याआधी जमिनीखालच्या केबलची माहिती मिळावी म्हणून सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणले आहे. गावातल्या ठेकेदाराला ते माहीत आहे का, हे विचारायला हरकत नाही.

वेगाबाबत एक गैरसमज सतत आढळतो. चाळीस एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला चाळीस मेगाबाइट नव्हे. बिट आणि बाइट यांत आठपटीचा फरक असतो, म्हणून फाइल उतरवताना सेकंदाला पाच मेगाबाइट दिसले तर कोणी फसवलेले नाही.

जोडणी देणारा स्थानिक केबलवाला बहुतेकदा मोठ्या परवानाधारक कंपनीचा हस्तक असतो. त्याला फोन करून भागले तर उत्तमच. न भागल्यास कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्या क्रमांकावर उभी असते. निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे. दूरसंचार सेवेविरुद्ध तेथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता संकेतस्थळ. होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली, तिच्यात आपले लेख आणि फोटो असतात. डोमेन म्हणजे त्या खोलीचा पत्ता. खोली बदलता येते, पत्ता तोच ठेवता येतो. दोन्ही गोष्टी एकाच कंपनीकडून घेतल्या तरी त्या वेगळ्या आहेत, हे पावती पाहून ओळखावे. पहिल्या वर्षी स्वस्त वाटणारे होस्टिंग नूतनीकरणाला कितीतरी महाग होते, म्हणून घेतानाच दुसऱ्या वर्षाचा दर विचारावा.

डोमेन विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांसाठी नोंदले जाते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षे. जमिनीचा वाद निघाला की आपण आधी सातबारा पाहतो. डोमेनचाही तसाच उतारा असतो, आणि त्यावर ज्याचे नाव आणि ईमेल आहे तोच मालकासारखा वागू शकतो. पैसे संस्थेने भरले होते, हे नंतर सिद्ध करणे फार कठीण.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या समितीचे संकेतस्थळ एका ओळखीच्या तरुणाने हौसेने, जवळपास फुकट बनवून दिले होते. त्याने नोंदणी स्वतःच्या ईमेलवर केली. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. आमच्यापैकी कोणाकडे धड ईमेल नव्हता, हे खरे कारण. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि तो ईमेल वापरेनासा झाला. मुदत संपण्याच्या सूचना तिथेच येत राहिल्या. डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग नावांना मुदतीनंतर साधारण काही आठवडे नेहमीच्या दरात नूतनीकरणाची सवलत मिळते, त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून नाव सोडवता येते, आणि आणखी पाच दिवसांनी ते कोणालाही मिळू शकते. आम्हाला कळले तेव्हा आमच्या नावावर जुगाराच्या जाहिराती चालू होत्या.

त्या संकेतस्थळावर देहूरोडच्या धम्मभूमीविषयी वृद्ध स्त्रियांनी सांगितलेल्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, त्या दिवशी लहान मुली म्हणून हजर असलेल्या या स्त्रिया. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर आमची काही पाने आणि थोडे फोटो सापडले. ध्वनिफिती तिथे जतन झाल्याच नव्हत्या. बोलणाऱ्यांपैकी दोघी आता नाहीत.

म्हणून नोंदणी संस्थेच्या नावाने, संस्थेच्या वेगळ्या ईमेलवर करावी आणि त्याचा पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. ज्याने संकेतस्थळ बनवले त्याच्याकडून डोमेनचे खाते, होस्टिंगचे खाते आणि सर्व फाइलींची प्रत लेखी यादीसह घ्यावी. नोंदणी कंपनी बदलायची असेल तर जुन्या कंपनीकडून हस्तांतराचा संकेतांक मागावा लागतो. तो देणे तिला बंधनकारक आहे, मात्र नव्या नोंदणीनंतर पहिले साठ दिवस हस्तांतर होत नाही. पत्त्याआधी कुलूप दिसण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एनक्रिप्ट’कडून मोफत मिळते, त्यासाठी कोणी दरवर्षी हजारो रुपये मागत असेल तर कारण विचारावे. देवनागरी पत्ता हवा असेल तर डॉट भारत ही नावे २०१४ पासून उपलब्ध आहेत, पण पाहुण्याला फोनवर पत्ता सांगण्यासाठी सोबत एक रोमन नावही ठेवलेले बरे.

जुन्या संकेतस्थळांचा मजकूर युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर आज तो इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तो टाकून देऊ नये. कोणता फॉन्ट होता हे कळले तर तो युनिकोडमध्ये बदलता येतो.

आमच्या समितीने नवे नाव पाच वर्षांसाठी नोंदवले आहे. पावती हिशेबाच्या वहीत चिकटवली आहे, आणि मुदतीची तारीख कार्यालयातल्या फळ्यावर, वीजबिलाच्या तारखेखाली लिहिलेली आहे. ध्वनिफितींची एक प्रत कोणाच्या जुन्या मोबाइलमध्ये असेल का, याचा शोध अजून चालू आहे.